हुकूम असेल तर मारायचाच

प्रिय वहिनी,

आधी वर 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तुम्ही हसला असतात. "भाऊजी, एवढं जड मला पेलायचं नाही," असं काहीतरी म्हणाला असतात. म्हणून नुसतं 'प्रिय वहिनी'. चालेल ना?

काल रविवारी आपल्या गच्चीवर पुन्हा मेंढीकोट झाला. तेवढं कळवायला हे पत्र. दुसऱ्या कोणाला सांगू? बाकीचे तिघे तर तिथेच बसले होते!

सोमवारची सकाळ तुमची नि माझी होती, आठवतं? तुम्ही मेथी निवडत बसायच्या, मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा, आणि आदल्या दिवशीचा डाव आपण पानापानानं उकलायचो. "तो राजा एवढ्या लवकर का टाकलात?" "घाबरलो, वहिनी." "राजा हातात असताना माणूस घाबरतो का कधी?" आणि मालती मागून म्हणायची, "झालं दीर-भावजयीचं पोस्टमार्टम सुरू! आता चहा गार होणार, मग पुन्हा गरम करायला मी!"

आजही कप घेऊन तिथे जाऊन उभा राहिलो. तुमची सून संध्या अविनाशचा डबा भरत होती, त्याची कामावर जायची बबीन्याची बस चुकायला आली होती. तिनं मान वळवून विचारलं, "का हुआ कक्काजी, शक्कर कम है?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. मग खोलीत आलो आणि कागद घेतला.

माझ्या शुद्धलेखनाकडे बघू नका. आठवीनंतर शाळा सुटली, तीही हिंदी शाळा. मराठी अक्षर आईनं गिरवून घेतलं तेवढंच. पुढं सगळा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यांची चाकं ठोकण्यात गेला, तिथे कोणाला पत्रं लिहायची?

वहिनी, आधी एक तक्रार. तुम्ही गेलात ते आपल्या घरचे सगळे कायदे माझ्या डोक्यात ठेवून गेलात. हे काय डोकं आहे ठेवायचं? रात्री गॅस बंद केला का हे बघायला मी उठतो, बघून येतो, आणि अंथरुणावर पडलो की पुन्हा वाटतं, बघितला का नक्की? असल्या डोक्यात तुम्ही मेंढीकोट ठेवलात! वर्षभर मनात घोकत होतो. दहिल्या म्हणजे मेंढ्या, चार. चारही एका बाजूला गेल्या की कोट. हुकूम बंद ठेवायचा, पान पालथं, पानदानाखाली. नवरा-बायको भिडू नाहीत. आणि सगळ्यात वरचा कायदा, रंग नसेल आणि हुकूम असेल तर मारायचाच. भिडूचा हात होत असेल तेवढी सूट. बाकी समोर कोणाचंही पान असो, मारायचाच.

अविनाशनं एकदा मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "काका, ये अपने घरवाला रूल कहीं है ही नहीं. हुकुम मारो न मारो, अपनी मर्ज़ी होती है." मला रात्रभर झोप नाही! म्हणजे आपण इतकी वर्षं चूक खेळत होतो? मग आठवलं, चूक कशी असेल, हा कायदा निघाला तेव्हा मी तिथेच होतो की.

तुम्ही भुसावळहून नव्यानंच आला होतात. आपलं घर तेव्हा रेल्वे कॉलनीत. अण्णांचा रविवारचा अड्डा म्हणजे अण्णा, दादा, मी आणि शेजारचे एक गार्डसाहेब. त्यांची बदली झाली आणि चौथा माणूस मिळेना. आई पानाला हात लावायची नाही. दादा दबकत म्हणाला, "हिला येतं." अण्णा पानांवरून नजर न उचलता म्हणाले, "बसू दे." अण्णा-दादा एका बाजूला, तुम्ही-मी एका बाजूला. त्या दिवसापासून मी तुमचा भिडू.

आमच्यात तोवर एक न लिहिलेली रीत होती. अण्णांचा एक्का कोणी मारायचा नाही. अण्णांनी एक्का टाकला की आपण मुकाट्यानं हलकं पान टाकायचं, हातात हुकूम असला तरी. त्यामुळे अण्णांचा ठाम समज झाला होता की अख्ख्या झांशी डिव्हिजनमध्ये त्यांना तोड नाही! स्टेशनवर लोकांना सांगायचे.

आणि तुम्ही! दुसऱ्याच रविवारी त्यांच्या चौकटच्या एक्क्यावर हुकमाची दुरी ठेवलीत. डोक्यावरून पदर, हातात हिरवा चुडा, आणि दुरी! स्वयंपाकघरात आईच्या हातातलं झाकण थांबलं. दादा छताकडे बघायला लागला.

अण्णा तुमच्याशी थेट बोलायचे नाहीत. मला म्हणाले, "वसंता, तुझ्या वहिनीला विचार, एक्का कोणाचा आहे ते दिसलं का?"

तुम्ही पदराआडून म्हणालात, "भाऊजी, अण्णांना सांगा, पानावर नाव लिहिलेलं नव्हतं."

मी काय सांगणार होतो अण्णांना? दोन हातांवर तर बसले होते, सगळं ऐकू येत होतं! ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. आईनं कपाळाला हात लावला. मला तर वाटलं, आता तुम्हाला भुसावळच्या गाडीत बसवतात. आणि तासाभरानं अण्णा परत आले ते तिळाच्या गजकाचा पुडा घेऊन. पुडा मध्ये ठेवला, बसले, म्हणाले, "पिसा."

मग तुम्ही माझ्याकरवी कायदा केलात. "भाऊजी, अण्णांना म्हणावं, यापुढे ज्याच्याकडे हुकूम असेल त्यानं मारायचाच. म्हणजे कोणी कोणाचा मान राखला, कोणी अपमान केला, हा प्रश्नच उरणार नाही." अण्णांनी मान हलवली. किती सोपं केलंत! त्या दिवसापासून झांशी डिव्हिजनमध्ये अण्णांना बरेच तोडीस तोड निघाले, पण रविवारची वाट मात्र ते जास्तच बघायला लागले.

नवरा-बायकोचा कायदा पुढचा. अण्णा गेले, मालती ग्वाल्हेरहून आली आणि मला सुचलं की दादा-वहिनी एका बाजूला बसू देत, आम्ही नवे एका बाजूला. एकच डाव झाला! तुम्ही बदामची राणी टाकलीत, दादा म्हणाला, "अक्कल कुठे ठेवून आलीस?" आणि पुढं काही दिवस "भाऊजी, यांना सांगा पाणी तापलंय", "भाऊजी, यांना विचारा भाजी वाढू का" असं माझ्या जिवावर चाललं. मी वर्कशॉपातून घरी यायला भ्यायचो. शेवटी तुम्हीच कायदा केलात. नवरा-बायको भिडू नाहीत, संसारात आहेत तेवढे पुरे. तेव्हापासून दादा आणि मालती, तुम्ही आणि मी.

तुमचं ते शेवटचं वर्ष मी विसरू शकत नाही, वहिनी. बोटांतली ताकद गेली होती. पानांचा पंखा हातात राहायचा नाही, घसरून मांडीवर पडायचा आणि सगळ्यांना दिसायचा. मी म्हटलं, राहू दे आता. तुम्ही म्हणालात, "राहू दे काय? परातीत गहू आणा." परातीतल्या गव्हात एकेक पान उभं खोवून खेळलात! हुकमाचं पान उपटून दादाच्या एक्क्यावर टाकताना गव्हाचे दाणे सगळ्या सतरंजीवर उडायचे. दादा ओरडायचा, "अगं, अर्धे गहू सांडलेस!" आणि केवढा खूश असायचा!

आणि मग तुम्ही गेलात.

तुमच्यामागे आम्ही तिघं उरलो, अविनाशला पानांत गोडी नाही. तिघांत मेंढीकोट होत नाही. मी तीन-दोन-पाचचं नाव काढलं तर दादा म्हणाला, "तो पोरांचा खेळ," आणि भिंतीकडे तोंड करून निजला. वहिनी, दादा बोलेनासाच झाला. खायला दिलं ते खायचं, टीव्हीसमोर बसवलं की बसायचं, नको म्हणायचं नाही, हवं म्हणायचं नाही. भाजी अळणी झाली तरी ताट साफ. तुमच्या हातच्या भाजीला जन्मभर नावं ठेवणारा हा माणूस!

मला धसका बसला. सिविल लाइंसच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "सब ठीक है, बस मन लगाइए इनका." मन लावायचं म्हणजे काय करायचं? मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं. दादासमोर कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. ते म्हणतील ते हो. टीव्ही त्यांच्या मर्जीचा. पोरांनी दंगा करायचा नाही. मालती म्हणाली, "अहो, इतकं जपलं तर माणूस लोणच्यासारखा मुरून जाईल." मी तिच्यावरच खेकसलो.

आता कालचं सांगतो.

थंडी मजेची पडली आहे. जेवणं झाल्यावर लाइट गेली, टीव्ही बंद. मालती म्हणाली, चला उन्हात. दादाला धरून गच्चीवर नेलं, पाठीला उशी दिली, कानाला मफलर गुंडाळला, पायांवर शाल. संध्या मटार सोलायला घेऊन एका कोपऱ्यात बसली, डोक्यावर पदर. मी उगीच पानांचा जोड खालून आणून पिसत बसलो. हाताला चाळा.

दादा पानांकडे बघत होता. किती तरी वेळ बघत होता.

तेवढ्यात संध्या मटार सोलता सोलता हळूच म्हणाली, "कक्काजी, पापाजी से पूछिए तो... हम बैठ जाएँ चौथे में?"

मी चमकलो. अकरा-बारा वर्षं झाली ती या घरात आहे. आपण खेळायचो तेव्हा चहा आणून ठेवायची, उभ्या उभ्या बघायची आणि निघून जायची. आपण कधी विचारलं का हो तिला? चौघं पुरे होतो आपण, म्हणून पाचव्याला खेळता येतं का हे कोणाच्या मनातच आलं नाही.

"तुला येतं?" मालतीनं विचारलं.

"हओ! बरुआसागर में तालाब पे बैठ के गर्मियों भर यही तो खेलत थे. हमारे यहाँ दहला पकड़ बोलते हैं. हमाए भैया लोग तो हमसे हार के पत्ते तालाब में फेंक देते थे!" एवढं बोलून तिला सासरे समोर आहेत हे आठवलं आणि पदर पुढं आला.

मी दादाला विचारलं, "दादा, संध्या बसू का म्हणते." नाही म्हणाला तर पोरीला वाईट वाटेल. हो म्हणाला आणि तुमच्या जागेवर कोणी बसलेलं बघून त्याला त्रास झाला तर? बीपीची गोळी दिली होती ना सकाळी? दिली होती. मालतीनं दिली की मी? दोघांनी तर नाही ना दिली?

दादा म्हणाला, "बसू दे."

संध्या माझ्यासमोर बसली, तुमच्या जागी. दादासमोर मालती. मी कायदे सांगितले, ती प्रत्येकाला "हओ" म्हणत होती. मारायचाच हा कायदा तर मी दोनदा सांगितला. डाव सुरू झाला. मालतीनं बदाम पालथा ठेवला तो थोड्या वेळात उघडला. संध्या बरी खेळत होती, वहिनी! हात सपकन उचलते. पण मला राहवेना. दर पानाला माझ्या तोंडून निघायचंच, "वहिनी असत्या तर इथे गुलाम राखला असता." "वहिनी असत्या तर किल्वर आधी काढलं असतं." ती आपली पुढचं पान टाकत राहिली.

आणि पानं दादाच्या बाजूलाच होती! एक मेंढी त्यांनी नेली, दुसरी नेली, तिसरीही नेली. उरली इस्पिकची दहिली, ती माझ्या हातात एकटी. तिच्यासोबत दुसरं इस्पिकच नाही. पाव तास मी ती अंगाशी धरून बसलो होतो. आणि दादानं इस्पिकचा एक्का टाकला.

काय करणार? रंग आहे, टाकायलाच हवा. टाकली दहिली. मालतीनं पंजी टाकली. आता संध्या. माझी मान तिच्याकडे. तिनं पानं बघितली, दादाकडे बघितलं आणि चौकटची दुरी टाकली.

गेली! चारही मेंढ्या! कोट!

वर्षानंतरचा पहिला डाव आणि दादाचा कोट! मालतीनं टाळी वाजवली. दादाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, खोटं नाही सांगत. मी म्हटलं, जाऊ दे गेली मेंढी, सोन्यासारखी गेली.

उरलेले दोन हात आपले रीत म्हणून टाकायचे. शेवटच्या हाताला संध्यानं पान टाकलं. बदामची अठ्ठी. हुकूम.

दादानं त्या अठ्ठीकडे बघितलं. मग संध्याकडे बघितलं. मफलर कानावरून खाली ओढला.

"ही तुझ्याकडे तेव्हा होती," दादा म्हणाला.

संध्याचा हात पदराकडे गेला. "पापाजी... आपका इक्का था. कैसे काटते?"

वहिनी, म्हटलं झालं. आता हा उठणार, खाली जाणार, भिंतीकडे तोंड करून निजणार, आणि या वेळी उठायचाच नाही. मी घाईनं म्हटलं, "दादा, नवी आहे ती. जाऊ दे. कोट तर तुझाच आहे ना?"

आणि इथे मला तुमचा खरा राग आला! कायदा मोडला तर काय, ते तुम्ही सांगितलं होतं. डाव समोरच्याला. पण कायदा मोडून जो स्वतःच हरला, ज्यानं समोरच्याला जिंकवायला कायदा मोडला, त्याला शिक्षा काय? हे तुम्ही कधी सांगितलंच नाही! तुमच्या माझ्या जन्मात असा गुन्हा कोणी केलाच नव्हता.

दादा माझ्यावरच उलटला. "कोट माझा? हा कोट आहे? वर्षभर हेच चाललंय! भाजीत मीठ नाही, कोणी बोलायचं नाही. टीव्हीवर मी काय लावलंय ते मलाच कळत नाही, तरी सगळे मुंडी हलवत बघतात. तो अविनाश, माझ्याशी भांडल्याशिवाय ज्याला जेवण जायचं नाही, तो आता 'जी पापा, जी पापा.' अरे, मी काय काचेचा आहे? बायको गेली माझी, मी नाही गेलो!"

एवढा आवाज! खालच्या गल्लीतला भाजीवाला वर बघायला लागला. मी मालतीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि काय म्हणायचं होतं तिला ते मला कळलं. जपा जपा म्हणून घरभर सांगत फिरणारा मीच की.

दादा पुढं वाकला. आपले हात तो आडवे-उभे रचून ठेवतो, तुम्हाला माहीत आहेच. वरचे हात बाजूला केले आणि तो एक हात उलगडून सतरंजीवर मांडला. एक्का, दहिली, पंजी. चौकटची दुरी उचलून संध्याच्या पुढ्यात टाकली.

"उचल ती. आणि मार."

"पापाजी, नईं..."

"मार म्हणतो ना! तुझ्या सासूचे हात चालत नव्हते, तरी गव्हातून पान उपटून मारायची. तुझे हात तर धड आहेत!"

संध्यानं माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. तिनं पदर कानामागे खोचला, अठ्ठी उचलली, आणि "लो फिर, पापाजी!" म्हणत एक्क्यावर अशी आपटली की मटारची थाळी हलली.

दादा पानाकडे बघत राहिला. मला वाटलं रडतोय. खांदे हलत होते. जवळ सरकून बघतो तर हसत होता, वहिनी! डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कसलं होतं ते मी विचारलं नाही. पण हसत होता, आवाज करून, खोकला येईपर्यंत.

"मोडला कोट," दादा म्हणाला. "काय जोरात मारते! बरुआसागरचं पाणी आहे. पिसा."

मग दिवे लागेपर्यंत खेळलो. दादानं संध्याला विचारलं, "तुमच्याकडे काय निराळं असतं ग?" ती आता पदर विसरली होती. हातवारे करून सांगायला लागली. बरुआसागरला म्हणे हात झाला की लगेच उचलायचा नाही. मध्येच पडू द्यायचा. एकाच माणसानं लागोपाठ दोन हात केले की मगच मधला सगळा ढीग त्याचा. "जब तक दो सर एक संग नईं, तब तक दहला किसी के बाप का नईं!" असं ती म्हणाली आणि जीभ चावली.

"हा तर डाकूंचा खेळ झाला!" मालती म्हणाली.

"खेळून बघू," दादा म्हणाला.

आणि बघितलं! काय सांगू तुम्हाला! मध्ये मेंढ्या पडलेल्या, ढीग वाढतोय, एक हात मी केला, जीव मुठीत, आता दुसरा झाला की सगळं आपलं, आणि दादानं कापलं. मग दादाचा एक, दुसऱ्याला संध्यानं कापलं. या वयात माझ्या जिवाला हे सोसायचं नाही! पण असं मजेत धास्तावायला मला किती दिवसांत मिळालं नव्हतं. तुम्ही भुसावळहून बंद हुकूम आणला होतात, मालतीनं ग्वाल्हेरहून आणलं की हातात एकही चित्र नसेल तर डाव मोडायचा. संध्याचा कायदा आपल्याकडे यायचा राहूनच गेला होता. आता आला. दादानं मंजूर केला, एका डावाआड एक.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. शेवटच्या डावात मी पुन्हा म्हणालो, "वहिनी असत्या तर..." तेव्हा संध्यानं पानं पालथी मांडीवर ठेवली आणि हसूनच म्हणाली, पण म्हणाली, "कक्काजी, बुरा मत मानियो. अम्मा की जगह बैठे हैं, अम्मा नईं हैं हम. हमें अपनी चाल चलन दो. हार जाएँ तो कल सबेरे डाँट लेना."

दादा पानांच्या आडून बघत होता. म्हणाला, "बरोबर बोलते आहे."

रात्री पडल्या पडल्या मी त्यावर विचार करत होतो. आधी मन जरा दुखावलं. मग वाटलं, सबेरे डाँट लेना म्हणाली ती! म्हणजे सोमवारच्या सकाळी माझ्याशी डाव बोलायला ती तयार आहे. आणि आज सकाळी मी चौकटीला उभा राहिलो, तिनं साखरेचं विचारलं, आणि मी बावळटासारखा परत फिरलो! ती वाट बघत होती का हो? तुम्ही असतात तर... बघा, पुन्हा तेच.

तर वहिनी, तुम्हाला शब्द देतो. संध्याच्या पानावर 'वहिनी असत्या तर' हे यापुढे माझ्या तोंडून निघणार नाही. मनात येईल. मनाला मी काय कुलूप लावणार? पण तोंडातून नाही. तिची चूक तिची, तिचा हात तिचा. तिच्यासमोर बसून मी तुमच्याकडे बघत राहिलो तर भिडू म्हणून मी कामाचा नाही, आणि वाईट भिडूला तुम्ही किती बोलायच्या ते मला ठाऊक आहे. हे पत्र संपलं की कप घेऊन परत स्वयंपाकघरात जातो आणि विचारतो, बाई ग, तिसऱ्या डावात तो किल्वरचा राजा का दाबून ठेवला होतास?

तुमच्याशी मात्र बोलत राहीन. ते तुम्ही बंद करू नका.

दादाचा आवाज येतो आहे गच्चीवरून. सोमवार आहे आज! सोमवारी आपण कधी पान हातात धरलं होतं का? आणि हा ओरडतो आहे, "वसंता, सोमवार आहे ते मला कळतं. तू ये!" वरून संध्याही हाका मारते आहे, "कक्काजी, आ जाओ, हमने हुकुम दबा दओ!" कोणत्या रंगाचा दाबलाय कोण जाणे, माझ्याकडे त्यातलं एकही पान नसणार, माझं नशीबच तसं. दादानं मफलर घातला असेल का? जाऊ दे. घालेल.

जातो, वहिनी. भिडू खोळंबला आहे.

तुमचे भाऊजी,
वसंता